तळटीप ७ : ‘माथेरानचा युतुख’

७. माथेरानचा युतुख : प्रवचनात पेंगणाऱ्या श्रोत्याला लेखकाने थट्टेने दिलेले नाव. माथेरान हे कर्जत तालुक्यातले थंड हवेचे ठिकाण. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये ते पुढे आणल्यावर तेथे युरोपियनांची वस्ती व चर्च झाले. मूळ युतुख बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ (२०:७–१२) या पुस्तकात येतो. इ. स. ५७च्या सुमारास त्रोवस बंदरात (आजच्या तुर्कस्तानचा वायव्य किनारा) ख्रिस्ती प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला निघायचे होते. माडीवर पुष्कळ दिवे जळत होते. खिडकीत बसलेल्या तरुण युतुखाला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून पडला. लोकांनी उचलले तेव्हा तो मेलेला होता. पौलाने खाली येऊन त्याला कवटाळले, तो जिवंत असल्याचे सांगितले. मग वर जाऊन भाकर मोडली आणि थेट उजाडेपर्यंत पुन्हा बोलणे चालू ठेवले. परंपरेने लूकच्या नावावर असलेल्या या कथनात युतुखाला दोष दिलेला नाही, पौलालाही नाही. गंमत आहे ती या न बोलण्यातच. येथेही लेखकाचा रोख झोपणाऱ्यावर नसून लांबलेल्या प्रवचनावर आहे.