ब्रिजखालचा स्पंज

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणला, तेव्हा त्याच्या ब्रिजवर, म्हणजे घोडीवर, क्रोमचं एक चकचकीत झाकण बसवलेलं असे. बाहेरून ते शोभेचं वाटे. आतल्या बाजूला मात्र फोम रबराची पट्टी चिकटवलेली होती आणि ती चारही तारांवर हलकेच टेकून बसे. म्हणजे पहिला यशस्वी इलेक्ट्रिक बास कारखान्यातून बाहेर पडला तोच तारांना आवर घालून.

याला कारण होतं. त्या काळच्या बँडमध्ये खालचे सूर डबल बास सांभाळी. पुरुषभर उंचीच्या त्या वाद्याची तार बोटाने छेडली की भरीव ‘धप्’ उमटतो आणि चटकन विरतो. नाचणाऱ्यांची पावलं त्या ठोक्यावर पडत. फेंडर यांच्या बासचं अंग भरीव लाकडाचं होतं आणि त्यावर ताणलेली धातूची तार कितीतरी वेळ घुमत राही. एक सूर संपायच्या आत दुसरा सुरू झाला की खाली नुसता गोंगाट माजे. त्यावर फोमची पट्टी हा साधा आणि स्वस्त उपाय होता. ब्रिजजवळ तारेला मऊ वस्तू टेकली की वरचे बारीक स्वरांश आधी मरतात, मूळचा खोल सूर थोडा टिकतो आणि मग तोही शांत होतो.

तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे उलटंच वाटेल. जवारी लावताना घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात तो सूर खुलावा, लांबावा म्हणून. फुलर्टनच्या कारखान्यात मऊ पट्टी लावली ती सूर आखूड व्हावा म्हणून. तारेच्या त्याच टोकाशी केलेली ही दोन कामं, आणि दोन्हींमागे कानाची तितकीच बारीक पारख आहे.

फोमचं खरं चीज झालं डेट्रॉइटमध्ये. मोटाऊन कंपनीच्या तळघरातल्या स्टुडिओत जेम्स जेमर्सन बास वाजवत. ते मूळचे डबल बासवाले. त्यांच्याकडे १९६२ चा प्रिसिजन होता आणि त्यावर ला बेला कंपनीच्या जाड, गुळगुळीत वेटोळ्यांच्या तारा चढवलेल्या होत्या. तार तुटल्याशिवाय ते ती बदलत नसत. वाजवायला उजव्या हाताची तर्जनी तेवढी वापरत. ब्रिजचं झाकण आणि त्याखालचा फोमही त्यांनी जागचा हलवला नाही.

मोटाऊनची गाणी ऐकताना जेमर्सन यांची बोटं किती धावतात याचं नवल वाटतं. टेम्टेशन्सचं ‘माय गर्ल’ सोपं आहे, पण फोर टॉप्सचं ‘बर्नाडेट’ ऐकावं. त्यात बास सतत बोलत असतो, तरी गाणाऱ्याच्या वाटेत कुठेच येत नाही. याचं मोठं श्रेय त्यांच्या लयीच्या जाणिवेला आहे, आणि थोडं त्या फोमलाही द्यायला हवं. प्रत्येक सूर वेळेवर संपतो, म्हणून पुढच्याला जागा मिळते. मोटारीतल्या रेडिओच्या लहानशा स्पीकरवरही ती ओळ स्वच्छ कळे. तरीही वर्षानुवर्षं मोटाऊनच्या वादकांची नावं तबकड्यांवर छापली जात नव्हती. मार्विन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर जेमर्सन यांचं नाव आलं, तोवर त्यांचा बास जगभर वाजून झाला होता.

लॉस एंजेलिसमध्ये कॅरल के यांनी वेगळी वाट काढली. मूळच्या जॅझ गिटारिस्ट असलेल्या के बास पिकने वाजवत. पिकचा आघात टणक, त्यामुळे तार अधिकच झणझणते. म्हणून त्यांनी दुहेरी घडीचा फेल्टचा तुकडा ब्रिजजवळ तारांवर ठेवून चिकटपट्टीने बसवला. बीच बॉइजच्या १९६६ च्या ‘पेट साउंड्स’च्या ध्वनिमुद्रणात वाजवणाऱ्यांमध्ये त्या होत्या. पिकची धार आणि फेल्टचा मऊपणा एकत्र आल्यामुळे त्यांच्या बासचा सूर टोकदार असूनही चिमुकला राहतो.

वाद्यं बनवणाऱ्यांनाही या कल्पनेने काही काळ झपाटलं होतं. फेंडरच्या १९६० च्या जॅझ बासवर प्रत्येक तारेखाली स्प्रिंगवर बसवलेली फेल्टची स्वतंत्र गादी आली, पण काही वर्षांतच तिची जागा पुन्हा साध्या फोमने घेतली. १९६२ च्या जॅग्वार गिटारवर बोटाने दाबून उचलायची रबरी पट्टी होती. ग्रेचच्या कंट्री जंटलमनवर कळ फिरवली की तारांखालून गादी वर येई. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांच्या हातात एकेकाळी हीच गिटार असे. रिकनबॅकरच्या बासमध्ये फोम वरखाली करायला स्क्रू होते. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेवरही प्रत्येक तारेला वेगळी गादी होती.

पण तोवर हवा पालटली होती. १९६६ च्या सुमारास इंग्लंडच्या रोटोसाउंड कंपनीने ‘द हू’ बँडच्या जॉन एन्टविसल यांच्याबरोबर खरखरीत वेटोळ्यांच्या तारा घडवल्या. या तारा पियानोसारख्या खणखणत. असा आवाज हवा असणाऱ्याला फोम कशाला लागतो? वादकांनी झाकणं उपटून काढली. आकारावरून त्यांना ‘ॲशट्रे’ हे टोपणनाव पडलं होतंच, काहींनी ती खरोखर त्यासाठीच वापरली. फोम कुजून झडला आणि ब्रिजजवळ आवर घालायची चाल मागे पडली.

मग हे काम तारेच्या दुसऱ्या टोकाला, नटजवळ, सुरू झालं. त्याचं मूळ टॅपिंगमध्ये आहे. ग्रेचशी जोडलेले जिमी वेबस्टर दोन्ही हातांनी फ्रेटवर ठोकून गिटार वाजवत आणि १९५२ साली त्यांनी या पद्धतीवर पुस्तकही काढलं. या वादनात एक अडचण असते. बोट फ्रेटवर पडलं की ब्रिजकडचा भाग वाजतो, पण नटकडचा उरलेला तुकडाही कुरकुरतो, आणि बोट उचललं की मोकळी तार घुमू लागते. नटजवळ कापड बांधलं की हे दोन्ही थांबतं आणि वाजवलेल्या सुराला धक्का लागत नाही, कारण तो बोट आणि ब्रिज यांच्यामध्ये जन्मतो. ब्रिजवरचा फोम सुराचा पोत बदलतो, नटवरचं कापड फक्त नको असलेलं थांबवतं. हा फरक ध्यानात आला की दोन्हींचा इतिहास वेगळा का, ते कळतं.

अमेरिकन गिटारिस्ट जेनिफर बॅटन यांनी याच कामासाठी स्वतःचा डँपर घडवला. मायकल जॅक्सन यांच्या तिन्ही मोठ्या जगदौऱ्यांत त्या होत्या. १९९२ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममधलं ‘फ्लाइट ऑफ द बंबलबी’ दोन्ही हातांच्या टॅपिंगचा कस पाहणारं आहे. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात जॅक्सन यांचा कार्यक्रम झाला, तो या तीन दौऱ्यांपैकी तिसऱ्यातला. मुंबईच्या त्या गर्दीचं लक्ष अर्थातच जॅक्सन यांच्या पावलांकडे होतं.

पुढे डिस्टॉर्शन वाढत गेलं आणि गरजही वाढली. जोरदार गेनवर तारेला नुसता हात घासला तरी ॲम्प्लिफायर गरजतो. नॉइज गेट हे यंत्र दोन सुरांमधला आवाज कापतं, पण सूर चालू असताना शेजारची तार घुमत असेल तर ते काही करू शकत नाही. म्हणून कुणी नटजवळ मोजा बांधला, कुणी केसांचा रबर. ब्रिटिश गिटारिस्ट गथ्री गोवन यांच्या गिटारवर असा रबर अनेकांनी पाहिला आहे. ग्रुव्ह गिअर कंपनीने त्याचीच वेल्क्रोची गादीदार पट्टी केली आणि ‘फ्रेटरॅप’ या नावाने विकायला काढली. मोकळ्या तारांचे कॉर्ड वाजवायचे असले की ती नटच्या मागे सरकवायची.

ही पट्टी दिसली की काही जण नाक मुरडतात आणि स्वच्छता हातातूनच यायला हवी म्हणतात. शिकणाऱ्याने तळहाताने आणि मोकळ्या बोटांनी तारा आवरायला शिकावंच, त्यात सूट नाही. चालू सुराशेजारची तार ऐकून तिथल्या तिथे दाबणं कुठल्याही पट्टीला जमत नाही. पण पट्टी बांधून ध्वनिमुद्रणाला बसलेल्या वादकाला फसवा ठरवणं अन्यायाचं आहे. तसं म्हणायचं तर कॅरल के यांचा फेल्टही मोडीत काढावा लागेल, आणि खुद्द फेंडर यांचा फोमही. आता कारागिरांनीही पुन्हा त्याकडे मोर्चा वळवला आहे. नॉर्डस्ट्रँडसारख्या कंपन्या ब्रिजजवळ तारांमध्ये खोचायचे बासचे डँपर विकतात, आणि साठच्या दशकातल्या गाण्यांचा तो आखूड, गोल सूर हवा असणारे तरुण बासवादक ते विकत घेतात.