‘किल बिल’च्या पडद्यामागे: किस्सा साधन कधी होतो?

सिनेमाच्या इतिहासावर संशोधन करायचं ठरवलंत, की तुमच्या हाती सगळ्यात आधी काय लागतं? कागदपत्रं नाही, किस्से! अमुक सीन कसा सुचला, तमुक कपडे कुठून आले, शूटिंगमध्ये कोण जखमी झालं. सिनॉप्सिस लिहायला बसलं की प्रश्न पडतो: हे वापरायचं की गप्पा म्हणून सोडून द्यायचं?

माझं म्हणणं असं, की वापरा, पण साधनचिकित्सा करून. म्हणजे नेमकं काय, ते एका सिनेमावरून बघू. क्वेंटिन टॅरँटिनोचा ‘किल बिल’ तुम्ही पाहिला असेलच. लग्नाच्या तालमीत गोळी घातलेली एक मारेकरी बाई कोमातून उठते आणि एकेकाचा सूड घेते. पहिला भाग 2003 मध्ये आला, दुसरा 2004 मध्ये.

आता पहिला किस्सा. ‘पल्प फिक्शन’च्या वेळी टॅरँटिनो आणि उमा थर्मन यांच्या गप्पांतून ही ‘ब्राइड’ जन्माला आली, असं सांगितलं जातं. हा तपासायला सोपा आहे. श्रेयनामावलीत ही व्यक्तिरेखा ‘क्यू अँड यू’ यांनी निर्माण केली असं लिहिलंय. क्यू म्हणजे क्वेंटिन, यू म्हणजे उमा. तसंच ‘लेडी स्नोब्लड’ या 1973 च्या जपानी सिनेमाचं. त्याचा प्रभाव आहे हे कोणी सांगायची गरजच नाही. सूड घेणारी बाई, प्रकरणांत विभागलेली कथा, बर्फातलं द्वंद्व, आणि त्याच सिनेमाची नायिका मेइको काजी हिचा आवाजसुद्धा ‘किल बिल’मध्ये ऐकू येतो. इथे सिनेमाच तुमचं प्राथमिक साधन आहे.

दुसरा किस्सा आपल्याकडचा आहे, म्हणून मोह जास्त होतो. पहिल्या भागात ओ-रेन इशीचं बालपण ॲनिमेशनमध्ये दाखवलंय. हे ॲनिमेशन केलं जपानच्या प्रॉडक्शन आय.जी. या स्टुडिओने. पण ही कल्पना कमल हासनच्या 2001 च्या ‘आळवंदान’वरून, म्हणजे हिंदीतल्या ‘अभय’वरून आली, असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. आधार काय? टॅरँटिनोने आपल्याला तसं सांगितल्याचं अनुराग कश्यपने सांगितलं. म्हणजे एकाने दुसऱ्याला सांगितलं, ते दुसऱ्याने आपल्याला सांगितलं. ‘अभय’मध्ये हिंसेचे प्रसंग ॲनिमेशनमध्ये आहेत, हे आपण स्वतः पाहू शकतो. पण साम्य दिसणं वेगळं आणि प्रभाव सिद्ध होणं वेगळं. प्रबंधात लिहायचं असेल तर ‘प्रभाव पडला’ असं लिहू नका, ‘कश्यपच्या म्हणण्यानुसार’ असं लिहा. एवढ्या दोन शब्दांनी व्हायव्हातला एक प्रश्न वाचतो!

तिसरी गोष्ट मात्र किस्सा म्हणून कुठे आलीच नाही. आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची.

शूटिंगच्या अखेरच्या टप्प्यात, मेक्सिकोमध्ये, थर्मनला एक निळी उघडी कार्मन घिया गाडी चालवायची होती. गाडी धड नाही असं तिच्या कानावर आलं होतं, म्हणून स्टंट करणाऱ्याकडून हा शॉट करून घ्या, असं तिने सांगितलं. या सिनेमात तिच्यासाठी झोई बेलसारखी कसलेली स्टंट डबल होती, हेही लक्षात घ्या. पण दिग्दर्शकाने तिलाच बसवलं. केस नीट उडायला हवेत म्हणून ताशी 40 मैलांचा, म्हणजे साधारण 64 किलोमीटरचा वेग हवा होता. रस्ता वाळूचा. गाडी झाडावर आदळली. मान आणि गुडघे कायमचे दुखावले, असं ती सांगते.

हे जगाला कळलं 2018 मध्ये, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या तिच्या मुलाखतीतून. मधली पंधरा वर्षं ती अपघाताचं चित्रीकरण मागत होती. परिणामांची जबाबदारी आमची नाही असं लिहून दे, मग दाखवतो, अशी अट मिरामॅक्सने घातली आणि आपण सही केली नाही, असं तिचं म्हणणं. शेवटी टॅरँटिनोनेच ते शोधून दिलं. रस्ता आपण स्वतः तपासला होता, पण नंतर गाडीची दिशा उलटी केली आणि त्या बाजूने पुन्हा तपासला नाही, असं त्याने कबूल केलं. लपवाछपवीचं खापर थर्मनने निर्मात्यांवर फोडलं. त्यांच्यापैकी लॉरेन्स बेंडरने तो आरोप नाकारला. स्टंट कोऑर्डिनेटरने सांगितलं, की त्या दिवशी स्टंट विभागाला सेटवर बोलावलंच नव्हतं.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. समजा, उद्या तुम्हाला त्या दिवसाचे कागद मिळाले. त्यात स्टंटची नोंद नसेल, तर तुम्ही काय निष्कर्ष काढाल? ‘आज साधा ड्रायव्हिंगचा शॉट होता.’ कागद खोटं बोलत नाही, पण धोका कशाला म्हणायचं हे ज्याने ठरवलं, त्याच्याच भाषेत तो बोलतो.

बखर वाचताना आपण आधी विचारतो, ही कोणाच्या सांगण्यावरून लिहिली? ‘मेकिंग ऑफ’च्या फिल्मलाही तोच प्रश्न विचारायला हवा, कारण तिचे पैसेही निर्माताच देतो. नायिकेने तलवारबाजी शिकायला किती घाम गाळला, हे त्यात येणारच, कारण त्याने तिकिटं खपतात. गाडी झाडावर आदळली, हे येणार नाही.

तेव्हा टिपणं काढताना प्रत्येक किश्शापुढे तीन गोष्टी लिहून ठेवा: कोणी सांगितलं, कधी सांगितलं, आणि हे सांगून किंवा न सांगून कोणाचा फायदा झाला. ‘कधी’ला कमी लेखू नका. थर्मनची मुलाखत 2017 च्या ऑक्टोबरनंतर, म्हणजे हार्वी वाइनस्टीनबद्दल बायका उघड बोलू लागल्यावर आली. त्याआधी तिची साक्ष नव्हती असं नाही; ती छापून यायला जागा नव्हती. तुमच्या विषयातही असं कोणीतरी असेलच. मुलाखतींची यादी करताना स्टंट डबल, ड्रायव्हर, हेअरड्रेसर यांची नावं दिग्दर्शकाच्या खाली नको, शेजारी लिहा.