लाल द्राक्षांची पारख

नोहाने लावलेल्या द्राक्षमळ्यापासून काना गावच्या लग्नघरापर्यंत, आणि तेथून शेवटच्या भोजनाच्या मेजापर्यंत, द्राक्षारसाने आपल्या श्रद्धेच्या इतिहासाला सोबत केली आहे. आज अमेरिका व कॅनडात घरी द्राक्षारस करण्याचे सर्व साहित्य एका पेटीत मिळते. तिला तेथे ‘वाईन किट’ म्हणतात. आटवलेला रस, यीस्ट आणि रस निवळण्याची पूड तिच्यात असते. अशा अनेक पेट्यांतून लाल द्राक्षारसाची कोणती निवडावी, हा प्रश्न आधुनिक भासतो. वास्तविक तो शंभर वर्षांचा जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात आपल्या वेदीचाही संबंध येतो.

१७ जानेवारी १९२० रोजी अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी अमलात आली. मद्य बनविणे, विकणे व वाहून नेणे हा गुन्हा ठरला. मात्र व्होल्स्टेड कायद्याच्या २९ व्या कलमाने घरगुती वापरासाठी फळांचा ‘मादक नसलेला’ रस करण्याची सवलत ठेवली होती. व्यवहारात कुटुंबप्रमुखाला वर्षाकाठी २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर रस करण्याची मुभा मिळाली. तळघरातील पिंपात तो रस पुढे आंबला, तर घरात शिरून पाहणार कोण? इटलीहून आलेल्या कॅथोलिक कामगारांच्या घरी जेवणाबरोबर द्राक्षारस हा नित्याचाच होता. त्यांनी या सवलतीचा आधार घेतला.

पण द्राक्षे आणायची कोठून? मिनेसोटा प्रांतातील व्हर्जिनिया हे लोखंडाच्या खाणींचे, कडाक्याच्या थंडीचे गाव. तेथील इटालियन मंडळींनी चेझारे मोंदावी या आपल्या बांधवाला द्राक्षे पारखून पाठविण्यासाठी कॅलिफोर्नियास धाडले. हे गृहस्थ एके काळी स्वतः खाणीत राबलेले. द्राक्षांच्या या व्यापारातच जम बसल्यावर त्यांनी १९२३ साली आपले बिऱ्हाड कॅलिफोर्नियातील लोडाय येथे हलविले. त्यांचे पुत्र रॉबर्ट मोंदावी पुढे द्राक्षारसाच्या व्यवसायात जगद्विख्यात झाले. त्या कीर्तीचा उगम खाणकामगारांच्या तळघरांसाठी भरलेल्या लाकडी पेट्यांत आहे.

या व्यापारात कोणत्या द्राक्षांना मान मिळाला, हे पाहणे उद्बोधक ठरेल. कोमल सालीच्या, उंची जातींना रेल्वेचा लांबचा प्रवास सोसत नसे. याउलट अलिकांते बूशे या जातीची साल जाड असते. फ्रान्समध्ये १८६६ साली संकराने निर्माण झालेल्या या द्राक्षाचा गरही लाल असतो, एरवी बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस रंगहीन असला तरी. त्यामुळे एकदा रस काढलेल्या चोथ्यावर साखर व पाणी घालून पुन्हा आंबविले, तरी रंग लालच राही. चव बेताची, पण डोळ्यांना ती उणीव कळत नसे. बाजाराची मागणी पाहून मळेवाल्यांनी उत्तम जातींच्या वेली उपटल्या किंवा त्यांवर अशा टणक जातींची कलमे बांधली. ५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली, तेव्हा चांगल्या द्राक्षांचा तुटवडा होता, आणि कॅलिफोर्नियाच्या द्राक्षारसाला सावरण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. दूर गावच्या ग्राहकाने रंग निवडला आणि मळ्याचे रूप पालटले.

आजच्या पेटीचे पूर्वजही याच काळातले. द्राक्षांचा रस आटवून त्याच्या विटा विकल्या जात. पाण्यात विरघळवून तो रस अमुक दिवस ठेवू नये, अन्यथा त्याचा द्राक्षारस होईल, असा ‘इशारा’ त्यांवर असे. इशारा कसला, ती कृतीच होती! १९३० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील एका संस्थेने ‘व्हाईन-ग्लो’ नावाने आटवलेला रस पिंपातून घरपोच देण्यास आरंभ केला. तिचा माणूस घरी येऊन तो आंबवण्यास लावी आणि सुमारे दोन महिन्यांनी बाटल्यांत भरून देई. १९३१ साली न्यायालयाने अशाच एका व्यापाऱ्याविरुद्ध निर्णय दिल्यावर हा उद्योग आटोपला.

ख्रिस्तसभेलाही त्या काळी परीक्षा द्यावी लागली. मिस्साबलिदानासाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला कायद्याने सूट दिली होती. लॉस गॅटोस येथील येशूसंघीयांचे नवशिष्यालय आणि नापा खोऱ्यातील बोलियो मळा यांनी वेदीसाठी द्राक्षारस करून आपल्या वेली जगविल्या, ही समाधानाची बाजू. परंतु धार्मिक कारणासाठी म्हणून देशात उचलला गेलेला सारा द्राक्षारस उपासनेतच वापरला गेला नाही. निरनिराळ्या धर्मांच्या नावावर तो बाजारात झिरपला. पवित्र गोष्टीच्या आडोशाने केलेली लबाडी ही साध्या लबाडीहून अधिक जड असते.

म्हणून या इतिहासातून आम्हांस निवडीची एकच कसोटी दिसते: वस्तू जे म्हणवते, ते ती आहे काय? पेटी घेताना रंगावर आणि नावावर न भुलता आत द्राक्षांचा रस किती आणि साखर वा पाणी किती, हे वाचून पाहावे. लाल द्राक्षारसाच्या काही पेट्यांत सालीही दिलेल्या असतात. रंग व तुरटपणा मुळात सालीतूनच येतो, म्हणून अशी पेटी बरी. कायद्याचाही मान राखावा. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्यानुसार परवान्याविना मद्य बनविता येत नाही. आणि घरच्या मेजावर जे शोभेल, ते वेदीवर चालेलच असे नाही. धर्मसंहितेच्या ९२४ व्या कलमानुसार वेदीवरचा द्राक्षारस हा वेलीच्या फळापासूनचा, नैसर्गिक व न बिघडलेला असावा लागतो. त्याच्या शुद्धतेबद्दल वा उगमाबद्दल शंका असेल, तर तो वापरू नये, असे २००४ साली रोमने पुन्हा बजावले आहे.

वेलीला फळावरून ओळखावे, हे आपण जाणतो. माणसाला त्याच्या तळघरातील पिंपावरूनही ओळखता येते, एवढेच आम्ही त्यात जोडू.