आपल्या वायरिंगची पंचवीस वर्षे

स्मरणिकेसाठी पाणी, लिफ्ट, रंगकाम या विषयांवर इतर सभासद लिहीत आहेत. वायरिंगचा विषय मी मागून घेतला, कारण त्या इतिहासात एक चूक माझी आहे.

आपण राहायला आलो तेव्हा विजेची बिले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची यायची. जून 2005 मध्ये मंडळाचे विभाजन झाले आणि बिलावर महावितरण आले. बिल्डरने दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर टाकली होती. पॉवर पॉइंट दोनच, एक स्वयंपाकघरात आणि एक गिझरला. त्या वेळी ते पुरेसे होते. एसी ही बँकेच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये पाहायची वस्तू!

पुढे घरोघरी एसी आले. मीही घेतला. ओळखीचा एक मुलगा बसवायला आला. त्याने दिव्याच्याच लाइनवरून कनेक्शन ओढले. एमसीबी सारखा पडू लागला, तेव्हा म्हणाला, "काका, मोठा टाकतो, मग नाही पडणार." आणि खरेच पडेना. मी खूश. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो, वायर जुनी आणि बारीक ठेवून तो मोठा केला की राखणदारालाच झोपवल्यासारखे होते, हे मला ठाऊक नव्हते. चौतीस वर्षे कागदपत्रे पाहिल्याशिवाय कर्जाची फाइल पुढे सरकवली नाही, पण त्या मुलाकडे परवाना आहे का, एवढे विचारायचे सुचले नाही.

मे महिन्यात एका रात्री जळका वास आला. हात लावला तर भिंत गरम. त्याच भिंतीला लागून नातवाचा पलंग होता. मेन स्विच बंद करून आम्ही सगळे ती रात्र गॅलरीत बसलो.

सकाळी परवानाधारक कंत्राटदार आला. त्याने मेगर लावून तपासले, तर वायरीचे इन्सुलेशन करपून गेलेले. गिझरची अर्थिंगची वायर तर जोडलेलीच नव्हती. एसीसाठी त्याने चार चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन टाकली, आरसीसीबी बसवला आणि सहीचा टेस्ट रिपोर्ट दिला. वाढीव भाराचा अर्जही करायला लावला. खर्च एसीच्या निम्म्याच्या घरात गेला, हे सौ. अजून ऐकवते.

नियम काही नवा नाही. भारतीय विद्युत नियम, 1956 मध्येच होते की वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराने, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परमिट असलेल्या वायरमनकडून करून घ्यावे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलायला मात्र सूट होती. 2003 च्या कायद्यानंतर नियमावली बदलली, ही अट राहिली.

पुढच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला: नवीन लाइन टाकण्याआधी परवान्याची प्रत सेक्रेटरींकडे द्यावी. बराच गदारोळ झाला. "माझं घर, माझा पैसा, सोसायटीचा काय संबंध?" असे एक जण म्हणाले. मी म्हटले, "मीटररूम तुमच्या एकट्याची आहे का हो?" त्यांच्याच शेजारच्या वहिनींनी अनुमोदन दिले. दोन मते विरोधात गेली.

ती फाइल आजही ऑफिसच्या कपाटात आहे. पहिला टेस्ट रिपोर्ट माझ्याच फ्लॅटचा आहे.