आम्लाचे विरलीकरण व सामू
आम्लाच्या द्रावणातील पाण्याचे प्रमाण वाढवून त्याची संहती कमी करणे म्हणजे विरलीकरण होय. यामुळे हायड्रोजन आयनांची संहती घटते व सामू वाढतो. तीव्र आम्ल दहापट विरल केल्यास सामू सुमारे १ ने वाढतो, उदा., २ सामूच्या १ लिटर हायड्रोक्लोरिक आम्लाचे १० लिटर द्रावण केल्यास सामू ३ होतो. मात्र २५° से. तापमानास केवळ शुद्ध पाणी मिसळून तो ७ च्या पुढे जात नाही.

अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांचे प्रमुख पीक असलेल्या कापसाच्या बियाण्यावरील, म्हणजे सरकीवरील, आखूड तंतू संहत गंधकाम्लाने काढता येतात. त्यानंतर सरकी पाण्याने अनेकदा धुतात. उरलेल्या आम्लाने उगवणीस अपाय होतो आणि विरलीकरणाने ते नष्ट होत नाही. म्हणून चुन्याच्या निवळीने त्याचे उदासिनीकरण करतात.