६ जुलै १८८१ : प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज यांचा जन्म

अमरावती जिल्ह्यातल्या माधान गावच्या मोहोड या शेतकरी कुटुंबात गुलाबराव जन्मले. अवघ्या नऊ महिन्यांचे असताना चुकीच्या औषधामुळे त्यांची दृष्टी कायमची गेली. चौथ्या वर्षी आईही गेली. आजोळी, लोणी टाकळीला, आजीने त्यांना वाढवले.

अंधांसाठी शाळा नाही, हाती पैसा नाही. तरीही विद्येची ओढ मोठी. कुणीतरी ग्रंथ वाचून दाखवायचा आणि यांनी तो ऐकून स्मरणात साठवायचा, अशा रीतीने त्यांनी वेदान्त, व्याकरण, आयुर्वेद, संगीत आत्मसात केले. डार्विन आणि स्पेन्सर यांची मतेही जाणून घेतली आणि त्यांचा प्रतिवाद केला. विदर्भातल्या खेड्यात वाढलेल्या, पुस्तकाचे पान कधीही न पाहिलेल्या तरुणाची ही झेप आजही थक्क करते.

या साऱ्यामागचे बळ श्रद्धेचे होते. ज्ञानेश्वर माउली हेच त्यांचे गुरू. १९०१ साली माउलींनीच आपल्याला अनुग्रह दिला, अशी त्यांची धारणा होती. स्वतःला ते ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. ज्ञान आणि कृष्णभक्ती यांचा मेळ घालणारे ‘मधुराद्वैत’ दर्शन त्यांनी मांडले.

मराठी, संस्कृत आणि हिंदीत त्यांनी सव्वाशेहून अधिक ग्रंथ रचले. ते सांगत, शिष्य लिहून घेत. २० सप्टेंबर १९१५ रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले.