जुनं यंत्र, त्याची पाटी आणि एक खटला



गटाच्या बैठकीत हल्ली जुन्या यंत्रांचा विषय वरचेवर निघतो. नवं परवडत नाही, म्हणून कुणी जुनं शेवयांचं मशीन बघते, कुणी मिरची कांडप. ज्यांच्या घरी सुतारकाम आहे त्या जुनं रंधा मशीन बघतात, एकाच मोटरवर करवत, रंधा आणि गिरमिट चालवणारं. असं यंत्र दारात उतरतं तेव्हा त्याच्याबरोबर एक पोतंही उतरतं. त्यात चार लोखंडी तुकडे, दोन नळ्या, एक तबकडी, मूठभर स्क्रू. विकणारा सांगतो, "ताई, हे सगळं त्याचंच आहे." पण कोणता तुकडा कुठे बसतो, ते त्यालाही सांगता येत नाही.

आज आम्ही अशाच एका यंत्राचा इतिहास सांगणार आहोत. यंत्र अमेरिकेतलं आहे. पण त्याच्या एका बारक्या स्क्रूवरून जो खटला झाला, त्यातला विचार आज आपल्या ग्राहक कायद्यातही आहे. म्हणून तो आपल्या कामाचा.

यंत्राचं नाव शॉपस्मिथ. ते काढलं हान्स गोल्डश्मिट यांनी. हे जर्मनीतले. हिटलरच्या राजवटीत देश सोडून ते १९३७ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियात आले. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तिथे हजारो माणसं सैन्यातून घरी परतत होती, नवी छोटी घरं उठत होती. घराचं फर्निचर, दुरुस्ती स्वतःच करावी असं पुष्कळांना वाटे, पण करवतीचं मशीन वेगळं, गिरमिटाचं वेगळं, लेथ वेगळा, एवढं ठेवायला जागा कुणाकडे होती? गोल्डश्मिट यांनी एका मोटरवर पाच कामं बसवली. लाकूड चिरायची गोल करवत, कातकामाचा लेथ, घासायची तबकडी, आडवं भोक पाडायचं गिरमिट आणि उभं भोक पाडायचं गिरमिट. उभ्या गिरमिटासाठी तर अख्खं यंत्रच उचलून उभं करायचं. आपण बाज भिंतीला लावून उभी करतो ना, तसं. १९४७ मध्ये ते बाजारात आलं आणि माँटगोमेरी वॉर्ड या मोठ्या दुकानाने ते विकायला घेतलं. दुकानात माणूस उभा राहून यंत्र चालवून दाखवायचा, बघ्यांची गर्दी जमायची. आपल्या जत्रेत किसणी विकणारा भराभर गाजर किसून दाखवतो, तोच प्रकार!

या पहिल्या घराण्याला मॉडेल टेन-ई आणि टेन-ई-आर म्हणतात. १९५३-५४ च्या सुमाराला मार्क फाइव्ह आलं. दोन्ही दिसायला सारखी. दोन लांब पोलादी नळ्या, त्यांवर सरकणारं डोकं, मध्ये टेबल. तरी ओळखायची खूण सोपी आहे. जुन्या टेन-ई-आरची मोटर डोक्याच्या बाहेर लटकलेली असते आणि पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर सरकवून वेग बदलावा लागतो. मार्क फाइव्हची मोटर डोक्याच्या पेटीतच असते आणि वेग बदलायला बाहेर एक गोल चकती असते, रेडिओच्या बटणासारखी. मोटर कुठे आहे आणि वेग कसा बदलतो, एवढं बघितलं की निम्मं काम झालं. उरलेलं काम पाटीचं. शिलाई मशीनवर नंबर कोरलेला असतो आणि त्यावरून ते कुठल्या सालचं ते काढता येतं, हे आपल्यातल्या काहींना माहीत असेल. इथेही तसंच. रंगावर मात्र विसंबू नये. जुन्या यंत्राला किती जणांनी किती वेळा रंग दिला असेल, कोण सांगणार!

आता पोत्यातले तुकडे. मध्ये भोक असलेली सपाट, जड तबकडी म्हणजे घासकामाची, तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवतात. तीन दात्यांचा, चावीने आवळायचा गोळा म्हणजे गिरमिट धरणारा चक. जिच्यावर हत्यार टेकवून कातायचं ती आडवी पट्टी म्हणजे टूल रेस्ट. आणि टोकदार खुंटी बसवलेला, नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला जाणारा भाग म्हणजे टेलस्टॉक. हा टेलस्टॉक नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

लेथ म्हणजे काय, हे लाटण्यावरून कळतं. लाटणं, भोवरा, पाळण्याचे गोल खांब, सावंतवाडीची गोल खेळणी, ही सगळी कातलेली असतात. लाकडाचा तुकडा दोन टोकांमध्ये आडवा धरतात. एका टोकाला मोटर त्याला फिरवते, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकची खुंटी त्याला मागून दाबून धरते. फिरत्या लाकडावर कातारी पटाशीसारखं हत्यार टेकवतो आणि लाकूड गोल होत जातं. मागची खुंटी जरा जरी मागे सरकली, तर त्या फिरत्या लाकडाला धरून ठेवणारं काही उरत नाही.

आता खटला. कॅलिफोर्नियातल्या विल्यम ग्रीनमन नावाच्या गृहस्थांनी दुकानात शॉपस्मिथचं प्रात्यक्षिक पाहिलं, कंपनीचं माहितीपत्रक घरी आणून वाचलं. त्यांच्या मनात ते यंत्र भरलं. १९५५ च्या नाताळात त्यांच्या बायकोने ते विकत घेऊन त्यांना भेट दिलं. एवढं मोठं यंत्र नवऱ्याला भेट देणाऱ्या त्या बाईचं आम्हाला फार कौतुक वाटतं. पण निकालपत्रात तिचा उल्लेख फक्त 'बायको' असा आहे, नाव नाही.

१९५७ मध्ये ग्रीनमन यांनी लेथसाठी लागणारे जोडभाग विकत घेतले. त्यांना एका मोठ्या लाकडातून उंच पेला कातायचा होता. त्या लाकडावर त्यांनी अनेकदा काम केलं, काही बिघडलं नाही. मग एके दिवशी लाकूड एकाएकी यंत्रातून उडालं आणि त्यांच्या कपाळावर बसलं. इजा गंभीर होती.

न्यायालयात जाणकारांनी साक्ष दिली ती अशी. यंत्राचे भाग जागच्या जागी धरायला जे सेटस्क्रू वापरले होते, ते अपुरे होते. सेटस्क्रू म्हणजे आपले मिस्त्री ज्याला ग्रब स्क्रू म्हणतात तसा बारका स्क्रू. तो भागाच्या आरपार जात नाही, नुसता दाबून धरतो. शिलाई मशीनची सुई अशाच बारक्या स्क्रूने धरलेली असते. मशीन खूप चाललं की कंपाने तो ढिला होतो आणि सुई खाली येते, हे आपल्याला सांगायला नको. इथेही यंत्राच्या नेहमीच्या कंपाने टेलस्टॉक हळूहळू लाकडापासून मागे सरकला. भाग पक्के धरायच्या याहून चांगल्या रीती होत्या, हेही साक्षीदारांनी सांगितलं. आणि माहितीपत्रकात तर लिहिलं होतं की सांगाडा भक्कम आहे, प्रत्येक भाग पक्का अडकतो!

कंपनीने वेगळाच मुद्दा काढला. अपघातानंतर ग्रीनमन यांनी जवळजवळ साडेदहा महिन्यांनी लेखी कळवलं, हमी मोडल्याची तक्रार वाजवी वेळेत करायला हवी होती, ती केली नाही, असं तिचं म्हणणं. ज्यूरीने दुकानदाराला सोडलं, पण यंत्र बनवणाऱ्या कंपनीने ६५ हजार डॉलर द्यावेत असा निर्णय दिला. दरम्यान हा धंदा युबा नावाच्या कंपनीकडे गेला होता, म्हणून खटल्याला 'ग्रीनमन विरुद्ध युबा पॉवर प्रॉडक्ट्स' म्हणतात. कंपनी वर गेली. २४ जानेवारी १९६३ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तो लिहिला न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी.

त्यांचं म्हणणं सोप्या शब्दांत असं. वेळेत कळवण्याचे नियम व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या व्यवहाराचे आहेत. जखमी माणसाला ते कुठून माहीत असणार? आणि मुळात कुणी काय हमी दिली, करार कुणाशी झाला, यावर हे अडून राहायला नको. कंपनी माल बाजारात आणते, तो कुणी तपासून घेणार नाही हे तिला ठाऊक असतं. त्या मालात दोष असला आणि माणसाला इजा झाली, तर कंपनी जबाबदार. निष्काळजीपणा सिद्ध करायचं ओझं जखमी माणसावर नको. जो स्वतःला वाचवू शकत नाही, त्याच्या डोक्यावर नुकसानीचा खर्च पडता कामा नये.

ट्रेनर यांना हा विचार त्या दिवशी सुचलेला नव्हता. एकोणीस वर्षं आधी, १९४४ मध्ये, त्याच न्यायालयात ग्लॅडिस एस्कोला नावाच्या बाईचा खटला आला होता. ती खानावळीत वाढप्याचं काम करायची. कोकाकोलाच्या बाटल्या एकेक करून शीतकपाटात ठेवत होती. तीन ठेवल्या, चौथी हातातच फुटली. तळहातावर पाच इंच लांब जखम झाली, शिरा आणि स्नायू कापले गेले. हाताने काम करून पोट भरणाऱ्या बाईचा हात गेला म्हणजे काय, हे आपल्याला न्यायमूर्तींपेक्षा जास्त कळतं. खटल्यात दाखवायला फुटलेली बाटलीही नव्हती, काचा कुणी कामगाराने टाकून दिल्या होत्या. ती जिंकली, पण ती कंपनीचा निष्काळजीपणा मानून. ट्रेनर यांनी एकट्याने वेगळं लिहिलं, की निष्काळजीपणा शोधत बसूच नका, दोष असला की कंपनी जबाबदार धरा. तेव्हा त्यांचं ते एकट्याचं मत राहिलं. १९६३ मध्ये, शॉपस्मिथच्या स्क्रूवर, तेच मत सगळ्या न्यायालयाचं झालं. पुढे ते अमेरिकेतल्या इतर राज्यांत पसरलं. १९८५ मध्ये युरोपातल्या देशांनी तसाच नियम केला.

आपल्याकडे १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. पण सदोष वस्तूने इजा झाल्यास उत्पादकाची जबाबदारी काय, यावर स्वतंत्र प्रकरण आलं ते २०१९ च्या नव्या कायद्यात. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. रचनेतला दोष, बनावटीतला दोष, धोक्याची नीट सूचना नसणं, हे सगळं त्यात येतं. विकत घेणारीच नव्हे, तर तिच्या संमतीने वस्तू वापरणारीही ग्राहक धरली जाते, म्हणजे बायकोने घेतलं आणि नवऱ्याला लागलं तरी चालतं. फेरविक्रीसाठी किंवा व्यापारासाठी घेतलेली वस्तू त्यात बसत नाही, पण स्वयंरोजगार करून पोट भरायला घेतलेली बसते. गटातल्या बायकांनी हे वाक्य दोनदा ऐकावं.

आणि इथे आपली पाटी परत येते. ज्या वस्तूचा उत्पादक कोण तेच कळत नाही, तिच्याबद्दल ती धंदा म्हणून विकणारा जबाबदार धरला जाऊ शकतो. विक्रेत्याने वस्तूत फेरफार केला आणि त्यामुळे इजा झाली, तरी तो जबाबदार. पण आपणच फेरफार केला, भलताच स्क्रू ठोकला, दुसऱ्या यंत्राची करवत बसवली, तर विक्रेत्याविरुद्धचा आपला दावा अडतो. म्हणून पोत्यातला तुकडा कुठल्या यंत्राचा, हे आधी कळायला हवं. करवतीच्या पात्याचं भोक दांड्याला तंतोतंत बसलं पाहिजे, आणि पात्यावर लिहिलेला वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नको. 'जवळजवळ बसतंय' असं मिस्त्री म्हणाला तर ते पातं बसवू देऊ नये.

शॉपस्मिथचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९६० च्या दशकात ते बनायचं बंद झालं. ओहायो राज्यातले जॉन फोकर्थ आपल्या जुन्या शॉपस्मिथचा भाग शोधायला गेले, तेव्हा त्यांना कळलं की बनवणारं कुणी उरलेलंच नाही. त्यांनी साचे आणि हत्यारं विकत घेतली आणि १९७२ मध्ये कंपनी पुन्हा उभी केली. एका सुट्या भागापायी माणसाने अख्खा कारखाना घेतला!

आपण तेवढं करणार नाही. आम्ही गटांना इतकंच सांगतो. यंत्र घ्यायच्या आधी पाटीचा आणि नंबरचा फोटो काढा. पावतीवर मॉडेल आणि नंबर लिहून घ्या, नुसतं 'जुनं मशीन एक नग' नको. पोत्यातला प्रत्येक तुकडा चादरीवर मांडून त्याचाही फोटो काढा आणि जाणत्या मिस्त्रीला दाखवा. माहितीपत्रक असलं तर मागून घ्या. अपघात झालाच तर तुटलेला भाग भंगारात देऊ नका. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवा.